तहकूब

गणसंख्या एकवीस हवी. आलो सात.
रास्ता पेठेतली शाळा, सहावी ‘क’चा वर्ग,
पंख्याचं बटण कुठलं ते ठाऊक असलेला शिपाई
रविवारी नसतो.
घटनेचं कलम चौदा मी उभी राहून वाचलं :
सभा अर्धा तास तहकूब.
अर्ध्या तासानं याच जागी, याच विषयांवर,
गणसंख्येचं बंधन न राहता.

अकरा वर्षं मी चित्रकला शिक्षक मंडळाची चिटणीस.
म्हणजे काय, तर
शिक्क्याची शाई वाळू न देणं,
दोनशे रुपये वर्गणीसाठी चार-चार फोन,
आणि दर जूनला शिक्षणाधिकाऱ्यांना तेच पत्र :
चित्रकलेचा तास गणिताला देऊ नये, ही नम्र विनंती.
पत्राची पोच मिळते.
तास मिळत नाही.

भोरहून पहिल्या एसटीनं निघालेले धुमाळ सर
बाकात मावत नाहीत, आडवे बसलेत.
केंजळेबाई फोनवर मुलाला
आमटी किती वेळ गरम करायची ते सांगतायत.
खजिनदार तांबोळी सरांनी ताळेबंदाच्या पंचवीस प्रती
अप्पा बळवंत चौकातून काढून आणल्यात.
चहाही पंचवीस जणांचा.

कुणी काय काढलं या वर्षात?
पाहुण्यांच्या स्वागताचा फळा.
जयंतीला तेच चेहरे, पुण्यतिथीला तेच, खडू वेगळा.
गॅदरिंगचा थर्माकोलचा किल्ला.
मतदान केंद्राकडे जाणारे बाण.
‘अक्षर छान आहे ना तुमचं’ म्हणून
मुख्याध्यापकांच्या मेहुण्याच्या लग्नाची
चारशे पाकिटं.

तांबोळी सर काही बोलले नाहीत.
ते मेमध्ये निवृत्त होतायत.
त्यांनी किटली उचलून टेबलाच्या कडेला आणली,
झाकण जरा तिरपं केलं,
दोन ग्लास, एक आडवा.
पूर्वेची खिडकी खांद्यानं ढकलून उघडली.
ऊन आलं, किटलीच्या पोटावर बसलं,
पोचा होता तिथं थोडं अडखळलं.
‘ताळेबंदाची मागची बाजू कोरी आहे,’ ते म्हणाले.

मग कुणी बोललं नाही.
सव्वीस वर्षं मी पोरांना सांगतेय :
झाकण गोल असतं, दिसतं लंबगोल.
दिसतं ते काढा, माहीत आहे ते नको.
माझा लंबगोल बसेना.
डावीकडून फुगला. खोडला. परत फुगला.
शेजारी धुमाळ सर, जिभेचं टोक बाहेर,
आडव्या ग्लासातला काळा ठिपका
नेमका कुठं संपतो ते शोधत होते.
केंजळेबाईंचा फोन दोनदा वाजून थांबला.

अर्धा तास कधीच होऊन गेला होता.
घड्याळ बघणं चिटणिसाचं काम.
मी बघितलं नाही.

इतिवृत्तात मी लिहिलं :
तहकूब सभा साडेअकरा वाजता पुन्हा सुरू झाली.
विषय एक ते सहा एकमतानं मंजूर.
खरं तर पावणेएक वाजला होता,
आणि चहावर साय धरली होती.

सही केलेली प्रत धर्मादाय कार्यालयात नेली,
तेव्हा खिडकीशी पोचल्यावर लक्षात आलं :
घाईत तीच उचलली होती.
कारकुनानं कागद उलटा केला.
चष्मा कपाळावर नेला.
‘बाई, तोटी खाली आलीय.
किटली अर्धी भरायच्या आत चहा वाहून जाईल.’
मग सुलटा करून शिक्का मारला,
आवक क्रमांक घातला, आणि मान वर न करता :
‘इंटरमिजिएटला बी ग्रेड होती मला.’

मागचा माणूस खाकरला.
मी पोच घेतली.
बाहेर स्कूटरला किल्ली लावण्याआधी
सीटवरच्या धुळीत बोटानं
तोटी जरा वर नेऊन बघितली.